हिरवा नको

"हिरवा नको," वॉटी रिची म्हणाला.

काउंटरपलीकडच्या दनुताने हातातला व्हेप खाली ठेवला आणि या गिऱ्हाइकाकडे नीट पाहिलं. कितीतरी वेळ ती त्याला एकेक वाफेची सिगारेट दाखवत होती आणि तो प्रत्येकीत खोट काढत होता. ही फार नाजूक, तिचं बटण बोटाला सापडत नाही, हिची काच पहिल्याच आपटीला फुटेल. शेवटी तिने मागच्या कपाटातून हा दणकट ठोकळा काढला होता. अंग पोलादाचं, वरून जाड रबराचं कवच, हातमोजा घालूनही दाबता येईल असं बटण, बॅटरी काढून दुसरी घालायची सोय, आणि रस भरायचं तोंड वरच्या बाजूला, म्हणजे खिशात गळायची भीती नाही. त्याचा विश्वास बसावा म्हणून तिने तो खांद्याच्या उंचीवरून फरशीवर टाकूनही दाखवला. उचलून ओढला, तर पहिल्यासारखीच वाफ आली. तेव्हा वॉटीचा चेहरा खुलला होता. मग त्याने तो उजेडात धरला आणि त्याला रंग दिसला.

"काळे संपले," दनुता म्हणाली. "सगळे बोटवाल्यांनी नेले. हिरवेच उरलेत."

"ते का उरलेत ते कळलं ना मग?"

दनुताला कळलं नव्हतं. पोलंडहून स्कॉटलंडला येऊन तिने पीटरहेड बंदरातल्या फिशहाउसमध्ये बरीच वर्षं हॅडक मासे सोलले होते आणि मग हे दुकान टाकलं होतं. गावाची भाषा तिला येत होती, गावाची भीती येत नव्हती. आणि ती समजावून सांगायची पद्धतही इथे नाही. बोटीवर डुकराचं नाव काढत नाहीत. समुद्रावर निघालेल्या माणसाला हात हलवून निरोप देत नाहीत. तोंडातून भलताच शब्द गेलाच, तर जवळ असेल त्या थंड लोखंडाला हात लावतात. आणि हिरवं काही घरात येऊ देत नाहीत. मासेमाराच्या घरात हिरवा स्वेटर विणणारी बाई शोधून सापडायची नाही. का, ते कुणालाही विचारा. तो खांदे उडवेल आणि विषय बदलेल.

वॉटीला मात्र का ते ठाऊक होतं. त्याचा थोरला भाऊ डॉड बोटीवर असल्या गोष्टींना हसायचा. एका बंदरात कुणा पोरीने दिलेली हिरवी लोकरीची टोपी घालून तो डेकवर आला, सगळे ओरडले, तेव्हा त्याने ती काढून नुसती खिशात कोंबली. त्याच फेरीत जाळं ओढताना तो पाण्यात गेला आणि पुन्हा वर आला नाही. वॉटीही त्याच बोटीवर होता, बावीस वर्षांचा. बोट किनाऱ्याला लागली तसा तो उतरला आणि थेट बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात जाऊन नोकरी मागितली. तिथून तो हलला नाही. दुसऱ्यांच्या बोटींत बर्फ भरायचा आणि त्या निघाल्या की पाठ फिरवायची, यात त्याचं आयुष्य गेलं. वॉटी भित्रा आहे हे गावाला माहीत होतं आणि त्यालाही माहीत होतं, त्यामुळे त्यात लपवाछपवी अशी कुणाचीच नव्हती. सिगारेट त्याने त्याच वर्षी धरली होती. धीर म्हणून जे काही त्याच्याजवळ होतं, ते तेवढंच.

आणि आता नेमकी तीच सोडायची होती. त्याची मुलगी किर्स्टी एकतीस वर्षांची. तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जाऊन यंत्रातून रक्त धुऊन घ्यावं लागत होतं. आईचं मूत्रपिंड तिला जुळलं नाही, वॉटीचं जुळलं. याचा सगळ्यात जास्त धक्का वॉटीला बसला. डॉक्टरांनी तपासून हरकत नाही म्हणून सांगितलं, फक्त अट घातली: शस्त्रक्रियेपर्यंत एकही सिगारेट नाही. वाफेची अगदीच निर्धोक आहे असं नाही, पण धुरापेक्षा परवडली, असं नर्स म्हणाली. दर भेटीला एका नळीत फुंकायला लावीन, असंही म्हणाली. माणूस धूर प्यायला असेल तर त्या यंत्रावरचा आकडा चढतो. वॉटीने सुरीची भीती घेतली होतीच, पण त्या नळीची त्याहून जास्त घेतली.

सुरुवातीला वापरून फेकायच्या वाफेच्या सिगारेटींवर त्याचं बरं चाललं होतं. या उन्हाळ्यात सरकारने त्या बंद केल्या. त्यानंतर घेतलेली एक पंधरा दिवसांत मेली, दुसरी बर्फात पडली ती पडलीच. म्हणून त्याला रोज चालणारी, दगा न देणारी वस्तू हवी होती. हे सगळं त्याने दनुताला सांगितलं होतं, आणि सांगूनसवरून आता तो निळ्या रंगाच्या एका सडपातळ नळकांडीवर बोट ठेवत होता.

"ही पोरींच्या पर्समध्ये ठेवायची आहे," दनुता म्हणाली. "तुमच्या बर्फात नाही टिकायची. मी विकणारी असून सांगते."

"निळी दे."

"तुमची मुलगी, तुमचा व्हेप," असं म्हणत तिने निळी डबीत घातली. वॉटीने जाताजाता दाराच्या लोखंडी मुठीला नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ हात लावला.

घरी त्याची बायको नेटा हिने खिसे तपासावेत तशी ती वस्तू उलटसुलट करून पाहिली. नेटा बोटवाल्यांच्याच घरातली. तिचा बाप, दोन काका आणि आजोबा समुद्रावर. निळी आहे ना, मग ठीक, असा निकाल देऊन तिने ती परत केली. हिरव्याची गोष्ट वॉटीने सांगितली, तेव्हा बटाटे कुस्करता कुस्करता तिने मान डोलावली. असल्या वेळेला असलं काही घरात आणायचंच नसतं, डोकं ठिकाणावर ठेवलंस ते बरं केलंस, असं ती म्हणाली. नवऱ्याच्या डोक्याची तारीफ नेटा सहसा करत नसे. वॉटी त्या रात्री बऱ्यापैकी झोपला.

निळी नळकांडी तीन आठवडे नीट चालली. मग थंडी उतरली.

त्या दिवशी सकाळपासून बोटी ओळीने लागल्या होत्या. वॉटी बर्फाच्या पन्हाळीपाशी उभा होता. वरून बर्फाचा चुरा घरंगळत येऊन बोटीच्या पोटात पडत होता. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे एडिनबर्गच्या हॉस्पिटलमधली बाई होती. तारीख ठरली होती. पुढच्या महिन्यात, मंगळवार. तिने आनंदाने सांगितलं, वॉटीने आभार मानले, फोन खिशात ठेवला, आणि पन्हाळीचं लोखंड धरून तो तिथेच उभा राहिला.

तारीख नव्हती तोवर सगळं बोलण्यापुरतं होतं. आता एका मंगळवारी त्याला झोपवून त्याचं पोट उघडणार होते. डॉडही मंगळवारीच गेला होता की काय, ते आठवेना, आणि आठवेना म्हणून आणखी भीती वाटली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो त्या बर्फात त्याच्या मानेवर बसला. त्याने खिशातून निळी काढली. तिचं बूड चिकट लागत होतं, रस सगळा गळून खिशात गेला होता. बटण दाबलं तर दिवा लागला नाही. त्याने ती काखेत धरून गरम केली, फुंकली, हातोडीच्या दांड्यावर आपटली. मासा मेला की डोळा होतो तसा तिचा दिवा पांढरा पडून राहिला होता.

"काय रे, भूत बघितलंस का?" पलीकडून डूगी म्हणाला. डूगी त्याच्याबरोबर वीस वर्षं काम करत होता आणि मनाचा वाईट नव्हता. त्याने वॉटीच्या हातातली मेलेली नळकांडी पाहिली आणि आपलं सिगारेटचं पाकीट पुढे केलं. "घे एक. एकाने काय होतंय."

वॉटीने घेतली. पहिल्या झुरक्यात धीर आला. दुसऱ्यात आपण काय केलं ते कळलं. पण तरी त्याने ती शेवटपर्यंत ओढली, आणि हे पुढे त्याला स्वतःलाही कधी माफ करता आलं नाही. मग डूगीकडून आणखी एक घेतली, कारण एवीतेवी बुडालोच आहोत असं त्याला वाटलं. संध्याकाळी घरी जाताना तिसरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळी होती. वॉटी रात्रभर पाणी पीत राहिला, पाण्याने धूर धुतला जातो असं कुणीतरी म्हणालं होतं. नर्सने नळी पुढे केली तेव्हा त्याने मोठा श्वास घेतला, तिने सांगितलं तसा रोखून धरला, आणि सोडला. आकडा चढत गेला. नर्स रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पेन खाली ठेवलं, खुर्ची जवळ ओढली आणि हळू आवाजात सांगितलं, की तिला हे एडिनबर्गला कळवावं लागेल. तारीख पुढे जाईल. सहा आठवडे पुन्हा पहिल्यापासून कोरे जायला हवेत, त्याशिवाय सर्जन हात लावणार नाहीत. तुमच्याच फुफ्फुसांसाठी आहे ते.

"मुलीला तुम्ही सांगाल की मी सांगू?" तिने विचारलं.

"मी सांगतो," वॉटी म्हणाला, आणि असं म्हणणारा हा कोण, असं त्यालाच वाटलं.

त्याच दुपारी किर्स्टीचा दवाखाना होता. तिला गाडीतून नेणं-आणणं वॉटीकडे. गेली दोन वर्षं तो तिला दारात सोडायचा आणि चार तास गाडीत बसून राहायचा. आत कधी गेला नाही. रक्त बघवत नाही माझ्या बापाला, असं किर्स्टी तिथल्या नर्सना सांगायची आणि सगळ्या हसायच्या. त्या दिवशी त्याने गाडी उभी केली पण दार उघडलं नाही. समोरच्या काचेकडे बघत त्याने सगळं सांगितलं. तारीख आलेली. तारीख गेलेली. तीन सिगारेटी.

किर्स्टीच्या मांडीवर डबा होता, त्यात नेटाने दिलेली बटरी होती, लोण्याचा खारट चपटा पाव. दोन वर्षांत मीठ, पाणी, बटाटा, केळं, सगळं मोजूनमापून खाणारी मुलगी ती, त्या बटरीच्या चतकोर तुकड्याचीच तिला परवानगी असे.

"तुझी ती निळी एवढी भिकार होती, तर घेतलीस कशाला?" तिने विचारलं.

"दुसरी होती. चांगली, दणकट."

"मग?"

"हिरवी होती."

त्याला वाटलं आता ती ओरडेल. तिने मान मागे टेकली आणि डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. हसते आहे की रडते आहे हे त्याला कळेना. बहुधा तिलाही कळलं नसावं.

"बाबा, चल," ती म्हणाली.

"कुठे?"

"आत. माझ्याबरोबर. आज गाडीत बसायचं नाही."

तिने त्याचं मनगट धरलं होतं. एवढ्याशा जोराने धरलेला हात त्याला सोडवता आला असता. तो गेला. आत लांब खोली होती, उबदार, औषधाच्या वासाची, आणि खोलीभर ओळीने यंत्रं घुरघुरत होती. प्रत्येक यंत्राशेजारी एक मोठी कलती खुर्ची होती. सगळ्या खुर्च्या हिरव्या. शेवाळासारख्या गडद हिरव्या. खिडकीजवळच्या खुर्चीत किर्स्टी सवयीने बसली, बूट काढले, बाही वर केली आणि हात खुर्चीच्या हिरव्या दांडीवर ठेवला.

वॉटीला पहिल्याच दिवशी दारातून त्या दिसल्या होत्या. म्हणून तो दोन वर्षं गाडीत बसला होता.

"तुला माहीत होतं," किर्स्टी म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली. "आणि मला वाटायचं तू रक्ताला भितोस."

"तुला सांगितलं असतं तर तू बसली असतीस का यात?"

"बसलेच असते ना. दुसरी खुर्ची कुठंय?" मग जरा वेळाने, सुई टोचून घेता घेता, त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, "मीही त्याच गावची आहे बाबा. पहिल्या दिवशी मीही दारातूनच परत फिरणार होते. मी दर वेळी आले की पहिल्यांदा या यंत्राच्या लोखंडाला हात लावते. या पोरींना वाटतं मी यंत्र तपासते."

वॉटीसाठी कुणीतरी स्टूल आणलं. तो त्यावर बसला आणि नळीतून तिचं रक्त जाताना आणि परत येताना चार तास बघत राहिला. भीती कमी झाली असं काही झालं नाही. पण आपण एकटेच भितो आहोत, असं जे त्याला बाविसाव्या वर्षापासून वाटत होतं, ते त्या स्टुलावर संपलं.

दवाखान्यातून निघाल्यावर ते दोघं दनुताच्या दुकानात गेले. दनुताने त्याच्या हातातली मेलेली निळी पाहिली, काही न बोलता मागचं कपाट उघडलं आणि ठोकळा काउंटरवर ठेवला. तिने वापरायचं कसं ते पुन्हा एकदा सांगितलं: रस भरला की लगेच ओढायचं नाही, आतला कापूस भिजू द्यायचा, नाहीतर जळका वास येतो आणि माणूस पुन्हा सिगारेटकडे पळतो. सिगारेट ओढणारे सगळे इथेच घाई करतात, म्हणाली. शिवाय एक जादा बॅटरी घालून दिली आणि ती बॅटरी सुट्ट्या नाण्यांबरोबर खिशात टाकू नका म्हणून बजावलं.

खरा प्रश्न घरी होता. नेटाने दारातच ओळखलं. तारीख गेल्याचं फोनवर ऐकून ती आधीच पांढरी पडली होती, नवऱ्याला ती एक शब्द लागेलसा बोलली नाही, पण ठोकळ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ते माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही."

ते आलं नाही. बाहेरच्या खिडकीखाली खेकड्याचा एक जुना पिंजरा पडला होता, त्यात तो ठोकळा राहू लागला. वॉटीला तलफ आली की दार उघडून पावसात, वाऱ्यात, बागेच्या कडेला जाऊन उभं राहायचं. रात्री नेटा आतून कडी घालायची, तीही दोनदा. एकदा गारा पडल्या तेव्हा ती स्वतः बाहेर गेली, शेकोटीच्या चिमट्याने ठोकळा उचलला आणि हात लांब धरून कोळशाच्या पेटीत नेऊन ठेवला. शेजारच्या बाईने ते पाहिलं आणि आठवडाभर गावाला करमणूक झाली.

ठोकळ्याने मात्र दगा दिला नाही. पन्हाळीवरून पडला, बर्फात गाडला गेला, एकदा डूगीच्या ट्रॉलीखाली आला. रबर एका जागी फाटलं, बाकी काही नाही. वॉटी रोज भीत होता. रस संपेल, कापूस जळेल, बॅटरी जाईल, बोट बुडेल. डूगीने पाकीट बदलून दुसऱ्या खिशात ठेवायला सुरुवात केली आणि वॉटी दिसला की तो खिसा झाकू लागला. नळीवरचा आकडा खाली आला तो खालीच राहिला. एका सकाळी पुन्हा फोन वाजला. मार्चमधला मंगळवार.

एडिनबर्गला हॉस्पिटलच्या खाटेवर वॉटी पाठीमागे बांधायच्या झग्यात पडला होता. आधी त्याला नेणार होते, मग किर्स्टीला. ती पलीकडच्या खोलीत होती. सकाळी तिने त्याच्या कपाळाला ओठ लावले होते आणि दोघांनीही निरोपाचं काही म्हटलं नव्हतं. ठोकळा ओढायला आदल्या दिवसापासून मनाई होती. ओढायचा नव्हताच. पण तो त्याने मुठीत धरला होता, कारण रबर जिथे फाटलं होतं तिथे आतलं पोलाद अंगठ्याला लागत होतं, आणि ते थंड होतं.

नर्स खाट ढकलायला आली. मूठ पाहून म्हणाली, हे आत नेता येणार नाही, कपाटात ठेवून देते.

"दे इकडे," नेटा म्हणाली.

वॉटीने तिच्याकडे पाहिलं. तिने उघडा तळवा पुढे केला होता. "नेटा, हिरवा आहे तो."

"मला डोळे आहेत."

तिने तो त्याच्या हातातून घेतला आणि मूठ मिटली. मोजा नाही, रुमाल नाही. तिचा चेहरा एवढा पडला होता, की आपल्यापेक्षा हीच जास्त भ्यायली आहे हे वॉटीला तेव्हा दिसलं. खाट निघाली. नेटा बाकावर ताठ बसून राहिली. तिने हात हलवला नाही. बोट सुटताना तिच्या घरातल्या कुठल्याच बाईने तो कधी हलवला नव्हता. दार मिटेपर्यंत मांडीवरच्या तिच्या मुठीतून हिरवं टोक दिसत होतं.

आत सगळेच हिरवे होते. टोप्या, झगे, टेबलावरची चादर, त्याच्या छातीवर पसरलेलं कापड. वॉटीचा उजवा हात आपोआप बाजूला गेला आणि खाटेच्या थंड लोखंडी गजावर घट्ट बसला. हिरव्या टोपीतली एक तरुण डॉक्टर त्याच्यावर वाकली. सुई तिच्या हातात तयार होती.

"घाबरलात का, मिस्टर रिची?"

"हो," वॉटी म्हणाला, आणि त्याने गजावरचा हात सोडून तिच्यापुढे धरला.